‘कल्व्हर्ट’, सेप्टिक टाकीसकट

ईस्ट कॅल्डर गावात ज्याला आपलं काही कर्तृत्व आहे असं वाटतं, तो ते गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवतो. कुणाची मुलगी आइस हॉकीत चमकलेली असते, कुणी अर्धी मॅरेथॉन धावलेला असतो, कुणी नुसताच समुद्र बघून आलेला असतो. ऑरिन टिबोच्या गाडीच्या काचेवर एक भिजलेलं पंचांग होतं. ‘सॉगी अल्मनॅक’ या बँडची ती खूण. ज्याला कळत नसे तो विचारत नसे. ज्याला कळे तो मागून दोनदा हॉर्न देई, आणि ऑरिन आरशात बघून मान किंचित झुकवी. व्हरमॉन्टच्या रस्त्यांवर याहून मोठा मुजरा कुणाला मिळत नाही.

या बँडची रीत अशी होती की एक गाणं सुरू करायचं आणि ते कुठे जाईल ते आपल्यालाही ठाऊक नाही असं वागायचं. खरं तर वागायचंही नाही, ठाऊकच नसायचं. गाण्याला दोन कडवी, ती चहा निवायच्या आत संपत. मग उरलेला पाऊण तास गिटारवाला, ऑर्गनवाली, बेसवाला आणि ड्रमर असे चौघं मिळून घराचा रस्ता शोधत. सापडला की लोक नाचत. नाही सापडला तरी नाचत, फक्त डोळे मिटून.

प्रत्येक मैफल वेगळी, म्हणून प्रत्येक मैफल कुणीतरी टेपवर धरून ठेवलीच पाहिजे, असं मानणारा एक पंथ त्या काळी होता, आणि ऑरिन त्यातला कडवा. या मंडळींना मैदानात वेगळी जागा आखून देत. तिथे उंच काठ्या रोवायच्या, टोकाला माइक बांधायचे आणि खाली पुतळ्यासारखं उभं राहायचं. बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, शिंक आलीच तर शर्टात घ्यायची. आनंद झाला तर तो गिळायचा. पुढे टेप मागेल त्याला कॉपी द्यायची आणि कुणाकडून पैसा घ्यायचा नाही. अशा कडक सोवळ्यात ऑरिनचे तरुणपणाचे सगळे उन्हाळे गेले. त्याच्या बायकोने, मार्सलीनने, त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका काठीखाली निश्चल उभा होता आणि तिला वाटलं, याला विजेचा धक्का बसलाय.

तर, फेअरग्राउंडची ती मैफल.

आयोजकांनी त्या दिवशी टेपवाल्यांची जागा आखली ती फिरत्या संडासांच्या रांगेला लागून. दुपार चढली तसा वारा फिरला, आणि नाजूक नाकाचे सगळे टेपवाले आपापल्या काठ्या उपटून टेकडीवर गेले. टेकडीवर त्यांच्या माइकमध्ये निव्वळ वारा शिरला. बँडची स्वतःची टेप त्याच आठवड्यात व्हॅनसकट नदीत पडली. व्हॅन तेवढी बाहेर निघाली. म्हणजे सॉगी अल्मनॅकने ‘कल्व्हर्ट’ हे आपलं गाणं आयुष्यात एकदाच जे खरंखुरं थोर वाजवलं, त्याची जगात एकच धड नोंद उरली. ती ऑरिनची, कारण तो जागचा हलला नाही.

दुसरंही कुणीतरी हललं नव्हतं. गाणं अगदी मधोमध आल्यावर चौघंही हळूहळू गप्प होत जातात, ऑर्गनचा एकच बारीक सूर उरतो, मैदानावर हजारो माणसं श्वास रोखून उभी असतात, आणि बरोब्बर तिथे माइकपासून हातभर अंतरावर एक भारदस्त आवाज वॉकीटॉकीवर म्हणतो, “भरलीय. मी सकाळीच सांगितलं होतं भरलीय म्हणून. उपसायची तर आत्ता उपस, नाहीतर ती स्वतःच स्वतःला उपसून घेईल.” मग पंप सुरू होतो. मग पंपाचा पाइप ऑरिनच्या काठीत अडकतो, धाडकन आवाज येतो, आणि एक तरुण गळा चढत्या सुरात ओरडतो, “काठी, काठी, काठी.” हा ऑरिन. पंथाच्या इतिहासात माइकखाली बोललेला पहिला टेपवाला. त्यानंतर बँड जे उजळतं, ते शेवटपर्यंत खाली येत नाही.

जगभरचे चाहते या टेपला ‘सेप्टिक कल्व्हर्ट’ म्हणत. ऑरिन म्हणत नसे. तो ‘फेअरग्राउंडचं ध्वनिमुद्रण’ म्हणे, तेही लांबच्या नातेवाइकाची ओळख करून द्यावी तसं.

आणि ते भारदस्त आवाजाचे गृहस्थ म्हणजे एव्हरेट लप्लांट. ऑरिनचा शेजारी. लप्लांट सेप्टिक सर्व्हिसचा मालक, चालक आणि पाइप धरणारा.

एवढी वर्षं गेली, बँड फुटलं, जुळलं, पुन्हा फुटलं. ऑरिन गावच्या कचेरीत कुत्र्यांचे परवाने देऊ लागला. मग एका सकाळी त्याला फोन आला. बँडच्या जुन्या मैफली सांभाळणाऱ्या, जुडिथ क्रॅन्स्टन नावाच्या बाई बोलत होत्या. त्यांना तो ‘कल्व्हर्ट’ अधिकृत डिस्क म्हणून काढायचा होता. ध्वनिमुद्रण ऑरिन टिबो, असं वेष्टणावर पुढच्या बाजूला छापणार होते.

“पुढच्या बाजूला,” ऑरिन म्हणाला.

“हो. फक्त मधलं ते प्लंबिंगचं बोलणं काढून द्या, मिस्टर टिबो. दुकानात ठेवायचीय डिस्क.”

“ते मीच काढणार होतो,” ऑरिन म्हणाला. हे खोटं नव्हतं. गेली वीसेक वर्षं तो मनातून ते काढतच होता.

कामाला हात घालायच्या आधी त्याने तीन लोकांचा सल्ला घेतला, ही पहिली चूक. हार्डवेअरवाल्याने व्हिनेगर सुचवलं. आवाजाला व्हिनेगर कसं लावायचं असं विचारल्यावर तो म्हणाला की आपला अनुभव मुख्यतः गालिच्यांचा आहे. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, त्या जागी पक्ष्याचा आवाज घाल, पक्षी कुणालाही चालतो. पोस्टातला माणूस म्हणाला, हल्ली कॉम्प्युटरवर असली कामं चुटकीसरशी होतात. हा सल्ला त्यातल्या त्यात शहाणा वाटला म्हणून ऑरिनने पाळला.

त्याने तळघरात कॉम्प्युटर मांडला आणि आवाज धुणारा एक प्रोग्रॅम आणला. हा प्रोग्रॅम मुख्य आवाज ओळखायचा, राखायचा आणि बाकीचा गोंगाट पुसायचा. प्रोग्रॅमने टेप नीट ऐकली, विचार केला आणि मुख्य आवाज ओळखला. त्याने ऑर्गन पुसली, गिटार पुसली, ड्रम पुसले, हजारो माणसं पुसली. उरला एव्हरेट. इतका स्वच्छ एव्हरेट यापूर्वी कुणी ऐकला नव्हता. समोर बसून बोलतोय असं वाटे.

मार्सलीन कपडे ड्रायरमध्ये टाकायला खाली आली होती. तिने दोन मिनिटं ऐकलं.

“छान झालंय,” ती म्हणाली. “बँड कुठेय?”

“गोंगाटात गेलं.”

“मग आता डिस्कवर एव्हरेट एकटाच?”

“मार्सलीन, मी काम करतोय.”

“मी कुठे नाही म्हणते? पण याला आपल्याकडे रोज फुकट ऐकता येतं रे. कुंपणापाशी गेलं की झालं.”

मग ऑरिनने सगळं हाताने करायला घेतलं. बोलणं कापलं. पण पंपाची घरघर आणि बेसचा सूर एकाच पट्टीत होते, त्यामुळे पंप काढला की बेसवाला जाई आणि बेसवाल्याला परत आणला की तो पंप घेऊन येई. शेवटी त्याने गाण्यातल्या दुसऱ्या शांत जागांचे तुकडे कापून तिथे जोडले, गोधडी शिवावी तसे. पानं पिकली, गळली, शेजाऱ्यांनी हॅलोवीनसाठी दारापुढे मांडलेले भोपळे उचलले, तरी ऑरिन तळघरातच. अखेर एके दिवशी ‘कल्व्हर्ट’ तयार झाला. दवाखान्याच्या वऱ्हांड्यासारखा स्वच्छ. कुठे शिंक नाही, पाइप नाही, काठी नाही. एकच गोष्ट त्याला खटकत होती. ती शांतता संपून बँड उजळतं ती जागा आता उगाच वाटे. कुणीतरी काही कारण नसताना खोलीत येऊन हसू लागावं, तशी. पण दमलो असेन, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

क्रॅन्स्टनबाई स्वतः येऊन ऐकणार होत्या. ऑरिनने ठरवलं, मग गावच ऐकू दे. ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे शेतकरी मंडळाच्या जुन्या सभागृहात, रविवारी दुपारी सगळ्यांना बोलवायचं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, आणि खाण्याआधी ‘कल्व्हर्ट’. हॉलला गावच्या कचेरीची परवानगी लागते. कचेरीत अर्ज घेतो ऑरिन टिबो. नियमाला तो पक्का, त्यामुळे त्याने जेवणाच्या सुट्टीत खिडकीबाहेर उभं राहून वाट पाहिली, सुट्टी संपल्यावर आत जाऊन अर्ज घेतला, आणि त्यात आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारांचा उल्लेख नाही म्हणून परत केला. अर्जदार म्हणून त्याला याचा संताप आला. कारकून म्हणून त्याने तो दुर्लक्षिला.

पुढे तो अर्ज गावच्या पंचांसमोर गेला.

“हे लाइव्ह संगीत आहे का?” अध्यक्षांनी विचारलं. लाइव्ह संगीताला वेगळा नियम होता.

“लाइव्ह ध्वनिमुद्रण आहे.”

“वाजवणारे हॉलमध्ये असणार?”

“नाही.”

“मग लाइव्ह कुठलं?”

“तेव्हा होतं.”

पंचांनी यावर गंभीर चर्चा केली आणि ‘एके काळी लाइव्ह’ असा नवा वर्ग काढून परवानगी दिली. तो वर्ग अजून नियमांत आहे. त्याखाली दुसरं काही आलेलं नाही.

एव्हरेटला मात्र ऑरिनने काही सांगितलं नव्हतं. गावाने सांगितलं. शनिवारी सकाळी ऑरिन पानं गोळा करत होता तेव्हा एव्हरेट कुंपणापाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. ज्याचा आवाज जगभर पोचलाय त्याला गप्प राहणं शोभून दिसतं.

“मला काढलंस म्हणे,” तो शेवटी म्हणाला.

“काढलं असं नाही. गाळलं.”

“गाणाऱ्यापेक्षा जास्त वेळ आहे मी त्यात.”

“एव्हरेट, ते गाणं आहे. तू टाकीबद्दल बोलतोयस.”

“आणि ते कशाबद्दल गातायत? कल्व्हर्ट म्हणजे रस्त्याखालचा नळच ना? दोन कडवी नळाचीच आहेत. विषयाला धरून मीच बोललोय.”

 ऑरिनने आणखी काही पानं गोळा केली.

“माझ्या ट्रकवर लिहिलंय,” एव्हरेट म्हणाला, “‘कल्व्हर्टमध्ये ऐकलेले तेच हे लप्लांट.’ ते पुसू?”

“आता ट्रकवर कोण बघतंय?”

“लोक बघतात, ऑरिन. मी रस्त्याने गेलो की एरवी गाडीच्या काचा वर होतात. पण तुझ्या त्या बँडची पोरं मुद्दाम गाडी थांबवून हात मिळवतात. टाकी उपसणाऱ्याशी कोण हात मिळवतं? माझा मेहुणा नाही मिळवत.” तो जायला वळला, मग थांबला. “उद्या बीन्स आणतोय मी. मेपलचा पाक घालून. ते तरी गाळू नकोस.”

ऑरिनला जेवण गेलं नाही. मार्सलीन ताट उचलताना म्हणाली, “पुढच्या बाजूला नाव येणार ना तुझं? झालं तर मग.” काही वाक्यांत टोमणा शोधावा लागतो. हिच्या वाक्यांत बाकीचं काही सापडत नसे.

रविवारी ग्रेंज हॉल भरला. ऑरिनला वाटलं होतं गावची चार डोकी येतील, पण बातमी पंथात पसरली होती आणि लांबलांबून, रंगीत ठिपक्यांचे जुने शर्ट घालून, पिकलेल्या वेण्या घेऊन माणसं आली. टेबलावर भरलेली अंडी, बटाट्याचं सॅलड, हॅम आणि एव्हरेटचे बीन्स. मागच्या भिंतीशी काही जुन्या टेपवाल्यांनी काठ्या उभारून माइक लावले होते. ध्वनिमुद्रणाचं ध्वनिमुद्रण कशाला, असं एकाला विचारल्यावर तो म्हणाला, “प्रत्येक वेळी वेगळं लागतं.” क्रॅन्स्टनबाई पहिल्या रांगेत बसल्या. एव्हरेट शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून, इस्त्रीच्या शर्टात.

ऑरिनने चार शब्द बोलायचे ठरवले होते, पण मागे माइकच्या काठ्या दिसल्या, आणि पंथाची सवय मोडेना. त्याने नुसतं बटण दाबलं.

गाणं सुरू झालं, दोन कडवी संपली, चौघं वाट शोधायला निघाले. लोकांचे डोळे मिटले. हळूहळू एकेक वाद्य बाजूला झालं, ऑर्गनचा तो बारीक सूर उरला. ऑरिनने शिवलेली ती स्वच्छ शांतता आली. हॉलमध्ये ती पसरली आणि पसरतच राहिली. कुणी डोळे उघडले. कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं. दार ढकलावं आणि पलीकडे घरच नसावं, असे सगळ्यांचे चेहरे.

मग माइकच्या काठ्यांपाशी, म्हणजे जिथे बोलायचं नाही अशा जागी, एक म्हातारा टेपवाला हलकेच म्हणाला, “भरलीय.”

“मी सकाळीच सांगितलं होतं,” दोघं-तिघं म्हणाले.

“भरलीय म्हणून,” अख्खी रांग म्हणाली, आणि “उपसायची तर आत्ता उपस” येईपर्यंत सगळा हॉल एका तालात, एका सुरात, आरतीला जमल्यासारखा म्हणत होता. लहानमोठ्यांना पाठ. कुठे दम घ्यायचा, वॉकीटॉकी कुठे खरखरते, तेही पाठ. मग ओठ मिटून सर्वांनी पंप सुरू केला. हॉलच्या खिडक्या थरथरल्या. ऑरिनने मागे पाहिलं. एव्हरेट हाताची घडी सोडून ताठ बसला होता, राष्ट्रगीताला बसावं तसा, म्हणजे खरं तर उभंच राहायला हवं हे लक्षात येऊन मग उभा राहिला.

कुणीतरी घडीची लोखंडी खुर्ची आडवी केली. धाडकन.

“काठी, काठी, काठी,” एक गळा चढत्या सुरात ओरडला. तो आपलाच गळा आहे हे ऑरिनला ओरडून झाल्यावर कळलं.

आणि बँड उजळलं. पण आता ते उगाच वाटलं नाही.

ऑरिनने गाणं थांबवलं. हॉलमधून नाराजीचा सूर निघाला. तो काही न बोलता गाडीकडे गेला, जुनी मूळ टेप घेऊन आला, ती लावली आणि स्पीकरला कान लावून उकिडवा बसला. पंप. पाइप. काठी पडते. आणि त्याच क्षणी, टाळीवर टाळी द्यावी तसा, बेसवाला वर उडी मारतो. त्याच्यामागे ऑर्गन, मग गिटार, मग ड्रम. इतका वेळ वाट शोधणाऱ्या त्या चौघांना रस्ता दाखवला होता तो त्या काठीने. ऑरिनने ही टेप शेकडो वेळा ऐकली होती, आणि दर वेळी बरोब्बर या जागी लाजेने खोकला काढला होता, नाहीतर आवाज बारीक केला होता. आपण धरलेल्या सर्वांत थोर गाण्यातली सर्वांत थोर जागा ऐकायची राहिलेला या हॉलमधला एकमेव माणूस म्हणजे तो स्वतः.

क्रॅन्स्टनबाई जवळ आल्या. “मिस्टर टिबो, ती स्वच्छ प्रत मला द्या. आजचा प्रकार गमतीचा होता, पण—”

“ती नाही मिळायची,” ऑरिन म्हणाला.

“म्हणजे?”

“हीच घ्या. टाकीसकट, काठीसकट. एक खरखर कमी करायची नाही. नाहीतर राहू दे.”

“मग वेष्टणावर पुढच्या बाजूला तुमचं नाव येईल असं मला नाही सांगता येणार. ते स्वच्छ ध्वनिमुद्रणासाठी होतं.”

ऑरिनने गिळलं. त्याची सगळी हयात गिळण्यात गेली होती, पण हा घास मोठा होता.

“नका घालू,” तो म्हणाला.

“मला बँडला विचारावं लागेल.”

“विचारा. आणि ते बीन्स खाऊन जा. ते त्या गृहस्थांनी केलेत,” असं म्हणून त्याने एव्हरेटकडे बोट दाखवलं. क्रॅन्स्टनबाईंनी जाऊन एव्हरेटशी हात मिळवला. एव्हरेटने हात आधी रुमालाला पुसला आणि मग, ज्याचा आवाज सगळ्यांना पाठ आहे अशा माणसाच्या संथपणे, विचारलं, “तुमची टाकी शेवटची कधी उपसलीत?”

बँडने ती मूळ टेप ऐकली. बेसवाल्याचं म्हणणं असं आलं की त्या धाडकन आवाजाने आपल्याला स्टेज कोसळतंय असं वाटलं होतं, म्हणून लवकर संपवता येईल अशा सुरात उडी मारली, आणि मग मजा येऊ लागल्यावर संपवायचं राहून गेलं. टेपमधलं काहीही कापायचं नाही, असं चौघांनी एकमुखाने कळवलं. सॉगी अल्मनॅकमधल्या चौघांचं एकमत झाल्याची दुसरी नोंद नाही.

बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला त्या सुमाराला डिस्क आली. एव्हरेट बुटांसकट स्वयंपाकघरात शिरला आणि मार्सलीन त्याला काहीही बोलली नाही, यावरून त्या दिवसाचं महत्त्व कळावं. वेष्टणाच्या पुढच्या बाजूला नदीत पडलेल्या व्हॅनचं चित्र होतं, नाव कुणाचंच नाही. मागच्या बाजूला वादकांची नावं. मार्सलीनने चष्मा लावून मोठ्याने वाचली. गिटार अमुक, ऑर्गन तमुक, बेस, ड्रम. त्याखाली त्याच टायपात, “भाषण आणि पंप: एव्हरेट लप्लांट.” आणि त्याखाली, “काठी: ऑरिन टिबो.”

एव्हरेट खुर्चीत बसला आणि त्याने वेष्टण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग खिडकीबाहेरच्या आपल्या ट्रककडे पाहिलं. त्यावर आता बहुधा आणखी लिहावं लागणार होतं.

मार्सलीनने वेष्टण परत घेतलं, आतला कागद उलगडला, कोपरे तपासले.

“अरे, पण रेकॉर्डिंग कुणी केलं ते लिहिलंच नाहीये,” ती म्हणाली. “तू तिथे दिवसभर त्या वासात उभा होतास. विसरलेच की ते. फोन कर त्या बाईला.”

ऑरिनने डिस्क यंत्रात घातली आणि आवाज पूर्ण वर केला.

“असू दे,” तो म्हणाला. “रेकॉर्डिंग काय, कुणीही करतं. बँडमध्ये सगळ्यांना घेत नाहीत.”